विजेचा फटाका आणि आकूचा शब्द

आमच्या आकूला 'हं' हा शब्द तीन तऱ्हांनी म्हणता येतो आणि आमच्या लुकांग गावातले निम्मे छोटे कारखाने त्या तीन तऱ्हांवर चालतात. लांबलेला, शेवटी खाली उतरणारा 'हंऽऽ' म्हणजे भानगड आहे, घरी जा, उद्या ये. नाकातून झटकन काढलेला 'हं?' म्हणजे तू मला पूर्ण सांगत नाहीस. आणि मान हलवून, पोटातून काढलेला छोटा 'हं' म्हणजे झालं, छापून टाक.

आकू म्हणजे आमच्यात आईचा भाऊ. नाव न्येन वेइ-तुंग. बाजारात त्याला सैहू म्हणतात, म्हणजे उस्ताद. हे नाव ऐकून वाटतं की हा हातोडी-छिन्नीवाला असणार, पण त्याला साधा खिळाही सरळ ठोकता येत नाही. लोकांनी बनवलेल्या विजेच्या चमत्कारिक वस्तूंवर सुरक्षेचं कुठलं चिन्ह लावायचं, त्यासाठी कुठल्या नियमाखाली तपासणी करून घ्यायची, हे सांगणं एवढंच त्याचं काम. पंखेवाले त्याच्याकडे येत नाहीत, कारण पंखा हा पंखाच असतो. पण लुकांगमध्ये देवाचं सामान बनतं, आणि देवाच्या सामानात वीज शिरली की ते नेमकं काय आहे हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. पोटात दिवा असलेलं, मंत्र म्हणत गोल फिरणारं कमळ हा दिवा, की रेडिओ, की पंखा? टोकाशी लाल पेटणारी बिनधुराची उदबत्ती? असलं सगळं पिशवीत घालून माणसं आकूच्या टेबलापाशी येतात.

त्याचं टेबल तळमजल्यावर आणि आमचं घर बरोबर त्याच्यावर. मधली जमीन जुन्या फळ्यांची, त्यामुळे खालचं सगळं वर ऐकू येतं. आईला मालिका बघताना त्याचा त्रास होतो. मला मालिकेची गरजच पडत नाही, मी वर बसून खालच्यांच्या नकला करतो.

"हे काय आहे?" असं आकू कधीच विचारत नाही. तो म्हणतो, नाव विसरा. कोण वापरणार, कुठं टांगणार, ओल्या हाताने धरणार का, ते सांगा. एकदा एकजण दिवा बसवलेली छोटी छत्री घेऊन आला. पाण्यातून बाहेर आलेलं पाळीव कासव तिच्याखाली वाळवायचं.

"सैहू, हे कासवासाठी आहे," तो अभिमानाने म्हणाला.

"स्विच कासव दाबणार?"

"नाही, मी दाबणार."

"मग तुझ्यासाठी आहे. शॉक तुला बसेल. पुढं सांग."

आणि एका वस्तूत दोन-तीन जीव असले, उजेडही आहे, आवाजही आहे, गरमही होतं, तर त्याचा एक ठरलेला सवाल असतो: "यातला कुठला जीव काढला की वस्तू मरते?" मंत्र म्हणणाऱ्या कमळातला दिवा काढला तरी आज्जीबाया ते विकत घेतील, मंत्र काढले तर कुणी हात लावणार नाही. म्हणजे ते आवाजाचं यंत्र. हं. छापून टाक.

लोक खरोखरच छापून टाकत, मला त्याचंच नवल वाटायचं. आकू लिहून काहीच देत नसे. त्याचा एक 'हं' घेऊन माणसं तपासणीला जात, पास होत आणि हजारो खोक्यांवर चिन्ह छापून मोकळी होत. हा सगळा धंदा त्याच्या शब्दावर उभा होता, आणि तो शब्द कधी चुकला नव्हता.

आमच्याकडे दर वर्षाला एक प्राणी असतो; सशाचं वर्ष लागायच्या आधीच्या हिवाळ्यात किमहोताई आली. गल्लीच्या टोकाला तिचा कारखाना आहे, सात-आठ बायका आणि ती. किमहोताईचा आवाज असा की ती हळू बोलते तेव्हा शेजारच्या दुकानात ऐकू जातं, मोठ्याने बोलते तेव्हा देवळात. तिने बनवला होता विजेचा फटाका. लाल प्लास्टिकच्या फटाक्यांची हातभर लांब माळ, प्रत्येकात बारीक दिवा, वर छोटासा भोंगा. भिंतीतल्या सॉकेटला जोडून लोंबती दोरी ओढली की दिवे वरून खाली पळत जातात आणि तडतडतडतड असा आवाज होतो. हल्ली धुराची तक्रार होते, पोलीस येतात. म्हणून दुकानाचं उद्घाटन असो, लग्न असो, नव्या वर्षाचा पहिला दिवस असो, लोक हे टांगतात.

"तर सैहू, ह्याला काय म्हनायचं?"

"आवाज काढला तर?"

"तर कोन घेनार? मुका फटाका!"

"दिवे काढले तर?"

"आंधळा फटाका! त्यो बी कोन घेनार?"

कुठलाही जीव काढला तरी वस्तू मरत होती. आकूने माळ उलटी केली, मागचं झाकण उघडलं, आत बोट घातलं. भिंतीतली वीज दिव्यांच्या तारेतून खेळत होती, भोंग्याकडे जाणारी अगदी किरकोळ होती. तो म्हणाला, धोका जिथं आहे तिथला नियम. दिव्यांची माळ. हं.

किमहोताईने दिव्यांच्या नियमाखाली तपासणी करून घेतली. माळ पास झाली. चिन्ह छापलं. नव्या वर्षाचा सगळा माल तयार होऊन तिच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत रचला गेला, इतका की तिचा नवरा जेवायला मागच्या दाराने घरात यायचा.

आणि मग माल घेणाऱ्या मोठ्या दुकानाने एक कागद मागितला. ही वस्तू खेळणं नाही, असं तपासणी कार्यालयाकडून लिहून आणा म्हणाले.

आकूला हसू आलं. फटाका आणि खेळणं! त्याने किमहोताईकडून एक फोटो मागवला, दोन ओळींचा प्रश्न लिहिला आणि ताइचुंग शहरातल्या तपासणी कार्यालयाला पाठवून दिला. उत्तर लान मॅडमचं आलं. आकूने ते आकीमला, म्हणजे आमच्या मामीला, मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा त्याचा आवाज प्रत्येक शब्दागणिक बारीक होत गेला. "सोबतच्या छायाचित्रावरून सदर वस्तू लहान मुलांच्या वापरासाठी नाही असे म्हणता येत नाही. तसे असल्यास ती खेळण्यांच्या नियमाखाली येईल. कृपया अधिक खुलासा करावा."

वर मी गाल फुगवून हे सगळं बोलून बघत होतो. पण 'खेळण्यांच्या नियमाखाली' पाशी मीही थांबलो. खेळण्याला भिंतीतली वीज चालत नाही, हे या घरात मांजरालाही माहीत आहे. शिवाय खेळण्याचा आवाज इतका हळू लागतो की फटाका लसूण तळल्यासारखा वाजेल. म्हणजे किमहोताईच्या पुढच्या खोलीतला सगळा माल एका शब्दाने कचरा होणार होता. आणि तो शब्द आकूचा होता.

"फोटो कुठला पाठवलात?" आकीमने विचारलं.

आकूने फोन पुढे केला. मग आकीमचा तो आवाज आला जो ती फक्त मासा जळला की काढते. "अहो! किमहोताईच्या नातीचा तोच पाठवलात?"

नातच होती. लाल झगा, दोन शेंड्या, गालावर लाली, आणि हातात फटाक्याची दोरी. ती ओढताना दात काढून हसत होती. माळेवर सशाचं चित्र, नातीच्या झग्यावर ससा, मागच्या भिंतीवर ससा.

"तुम्ही बघितला नाही पाठवताना?"

"बघितला की. छान वाटला."

"छान वाटला म्हणे! एवढे नियम पाठ, आणि मूल दिसत नाही!"

पण खरं सांगायचं तर तिलाही तो आधी छानच वाटला होता. तो फोटो जेवताना सगळ्यांनी पाहिला होता आणि सगळ्यांनी 'किती गोड' म्हटलं होतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. दुकानांना माल वर्ष लागायच्या आत हवा होता. नंतर त्याला कोण विचारतो? खाली टेबलाभोवती आकूच्या चपला फिरत राहायच्या, सप सप सप, खिडकीपर्यंत आणि परत. कुणी नवी वस्तू घेऊन आलं तर तो म्हणायचा, "मला नका विचारू. माझं काही खरं नाही." गरम पाण्याची पिशवी घेऊन आलेल्या माणसालाही असंच म्हणाला, आणि ती तर साधी गरम पाण्याची पिशवी होती. जेवताना आकीम त्याच्या वाटीत माशाचा मऊ भाग काढून ठेवायची आणि तो तो परत ताटात सरकवायचा. "तिच्या बायका कुठं जातील?" असं एकदाच म्हणाला आणि उठून गेला. मी त्या दिवशी त्याची नक्कल केली नाही.

शेवटी त्यानेच किमहोताईला बोलावून सांगितलं. वाटलं होतं, फळ्या उडतील. पण ती एवढंच म्हणाली, "सैहू, त्यांना तू काय इचारलंस? शब्दाला शब्द सांग."

आकूने वाचून दाखवलं. "ही वस्तू दिव्यांची माळ आहे की खेळणं?"

आता उडाल्या फळ्या.

"आरं द्येवा! असं इचारतात व्हय? तू देवळात कधी गेला न्हाईस का? लाकडाचे दोन अर्धचंद्र हातात घिऊन द्येवाला इचारतोस, 'हे करू का ते करू?' द्येव काय सांगंल? दोन्ही तुकडे उताने पडत्याल! द्येव हसंल तुला! आन तुज्यासारख्या मानसानं..."

"कार्यालय आहे ते, देऊळ नाही."

"हसलं का न्हाई पन? 'कृपया खुलासा करावा' म्हंजे काय? हसनंच की ते!"

आमच्याकडे पोरंटोरंसुद्धा जाणतात की देवाला 'हे की ते' विचारायचं नसतं. पूर्ण सांगायचं, मी अमक्या गल्लीतली अमकी, असं असं करणार आहे, चालेल का? मग एक तुकडा उताणा आणि एक पालथा पडला की देवाचा होकार. आकूने जन्मभर हे केलं होतं. फक्त देवळाबाहेर केलं नव्हतं.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "पिशवीत माळ घाल. ताइचुंगला जाऊ. समोर विचारू."

पुढचं सगळं मला त्या दोघांकडून कळलं, आणि दोघांचं एकमेकांशी जुळत नाही. तेव्हा दोघांचंही सांगतो.

एवढ्यावर एकमत आहे, की बस चुकल्यामुळे ते पोचले तेव्हा कार्यालयांच्या दुपारच्या रीतसर झोपेची वेळ होती. दिवे मालवलेले. सगळे कर्मचारी टेबलावर छोटी उशी ठेवून डोकं टेकून झोपलेले. दाराशी पहारेकरी खुर्चीत, हनुवटी छातीवर. आकू म्हणतो, मी खुणेने सांगितलं, थांबायचं, चकार शब्द काढायचा नाही. किमहोताई म्हणते, ह्यो माणूस थरथर कापत होता, त्याला कसली खूण करता येतीय.

ती बाकावर बसली. मग तिला वाटलं, बसच्या धक्क्यांनी माळ बिघडली तर नसेल? दाराच्या चौकटीवर नव्या वर्षाची झालर लावायचा खिळा होता. खुर्ची होती. खाली भिंतीत वीज होती.

"मी फकस्त टांगून बघत हुते," किमहोताईचं म्हणणं.

"फकस्त टांगून बघायला जोडणी कशाला लागते?" आकूचं म्हणणं.

तडतडतडतडतड!

त्या निजलेल्या कार्यालयात असा आवाज झाला की उशा खाली पडल्या. पहारेकरी ताडकन उभा राहिला आणि डोळे उघडायच्या आत मोठ्याने म्हणाला, "अभिनंदन! अभिनंदन! भरभराट होवो!" आतून झोपेतला एक आवाज आला, "कुणाचं दुकान उघडलं रे?" दुसरा म्हणाला, "बिस्किटं आहेत का?" आणि एक बाई दोन्ही कानांवर हात ठेवून बाहेर आल्या. गालावर बाहीच्या शिवणीचा ठसा उमटलेला. त्याच लान मॅडम.

किमहोताई खुर्चीवर उभी, हातात दोरी. आकू खाली, तिच्या खुर्चीचा पाय धरून. माळ अजून वाजत होती, कारण घाबरून ती दोरी सोडायलाच विसरली होती.

लान मॅडमचा आवाज आकूने मला करून दाखवला, पण त्याला जमत नाही. मी नंतर फोनवर ऐकला, तो असा असतो: प्रत्येक वाक्य इस्त्री केलेलं आणि शेवटी मऊ 'बरं का'.

"हे सुरू कोणी केलं?"

"मी केलं, मॅडम. माफ करा. तुमची झोप..." किमहोताई म्हणाली.

"आपण खुर्चीवर का चढलात?"

"मग कशी टांगू? दाराच्या वरच टांगत्यात. खाली कोन टांगतं?"

"आणि लहान मुलांना सुरू करायचं असेल तर?"

किमहोताई खरंच चकित झाली म्हणे. "मुलांनी? मॅडम, पेटवायचा मान घरातल्या थोरल्याचा! मुलं लांब उभी ऱ्हात्यात, कान झाकून. आत्ता तुम्ही आलात तशी."

मॅडमनी कानांवरचे हात खाली घेतले.

"मग छायाचित्रात मुलगी का आहे ते सांगा, बरं का."

आकू उत्तर द्यायला पुढे झाला, पण बोलली ती किमहोताईच.

"शुभ वस्तूचा फोटो रिकामा कसा काढायचा वो, मॅडम? नुसती वस्तू भिंतीवर, शेजारी कोनी न्हाई, म्हंजे मयताच्या घरावानी दिसतं. नात घरात हुती. झगा नवा हुता. उभी केली."

लान मॅडम म्हणाल्या, "माझ्या आईने फ्रिज घेतला तेव्हा फ्रिजचा फोटो पाठवला होता. फ्रिजसमोर माझा भाचा. फ्रिज दिसतच नव्हता."

"बघा! मंग!"

"पण त्यावरून मी फ्रिजला खेळणं म्हटलं नसतं," मॅडम हसल्या आणि लगेच परत इस्त्री झाल्या. "आता आपला प्रश्न नीट विचारा, बरं का."

तेव्हा आकूने विचारलं. त्याने देवळात उभं राहतात तसे दोन्ही पाय जुळवले होते, हे किमहोताईने तीनदा सांगितलं. तो म्हणाला, मी लुकांगचा न्येन. ही माळ मोठ्या माणसांनी दाराच्या वर टांगून, उद्घाटनाला आणि नव्या वर्षाला लावायची आहे. वीज दिव्यांच्या तारेत आहे, भोंग्यात नाही. दिव्यांच्या नियमाखाली हिची तपासणी झाली आहे. लोंबती दोरी कापून मी स्विच वर, मुलांच्या हाताबाहेर नेईन आणि खोक्यावरचा फोटो बदलीन. असं केलं तर हिला दिव्यांची माळ म्हणणं चालेल का?

मॅडमनी माळ खाली काढायला लावली. मागचं झाकण उघडलं, तार बघितली, दोरी ओढून पाहिली, आणि ती घेऊन आत गेल्या. आत त्यांच्या वरिष्ठांनाही वाजवून दाखवली असावी, कारण भिंतीपलीकडे पुन्हा तडतड झाली आणि कुणीतरी पुन्हा 'भरभराट' म्हणालं.

परत आल्या. "चालेल. बदल केल्याचे फोटो पाठवा, लेखी उत्तर लगेच देते. सशाचं चित्र राहू द्या, ते तर आमच्या कॅलेंडरवरही आहे. पण नव्या फोटोत..."

"मूल न्हाई!" किमहोताई ओरडली.

"मोठं माणूस ठेवा. रिकामा नको, बरं का."

आकूला हे ऐकून काय झालं ते सांगायला त्याचे शब्द उपयोगाचे नाहीत, तो म्हणतो, "मी आभार मानले." किमहोताई सांगते ते असं: तो लान मॅडमना कमरेतून वाकला. मग पहारेकऱ्याला वाकला. मग पिण्याच्या पाण्याच्या यंत्राला वाकला. बाहेर येऊन फुटपाथवर उभा राहिला, दोन्ही हात कमरेवर ठेवून त्याने तोंडाने एवढा मोठा श्वास सोडला की समोरून चाललेला कुत्रा थांबला. आणि मग म्हणाला, "तुझ्या बायकांना फोन कर. दोरी कापायला कात्र्या काढा म्हणावं." किमहोताईने फोन लावला, पण 'कात्र्या' एवढंच बोलली आणि रडायला लागली. पलीकडच्या बायकांना वाटलं सगळं संपलं. त्याही रडायला लागल्या. शेवटी आकूने फोन हातात घेऊन ओरडून सांगितलं, "पास! पास झालं! कात्र्या आणा!"

इकडे आम्ही संध्याकाळी वाट बघत होतो. गल्लीच्या टोकाला बायका रस्त्यातच स्टुलं मांडून बसल्या होत्या. दोऱ्या कापून स्विच वर बसवणं चालू होतं, आणि प्रत्येक माळ एकदा वाजवून बघत होत्या. सगळ्या गल्लीत तडतड आणि हशा. किमहोताईचा नवरा कित्येक दिवसांनी पुढच्या दाराने आत गेला. नव्या फोटोत कुणी उभं राहायचं यावर भांडण चाललं होतं. पण ज्यांची वाट बघत होतो ते दोघं येईनात. ताइचुंगहून चांगह्वापर्यंत, म्हणजे आम्ही लुकांगवाले उतरतो त्या स्टेशनापर्यंत, गाडीला किती वेळ लागतो? बसल्या बसल्या तर येतं. आकीम दारात उभी, मग खुर्चीत, मग परत दारात.

अंधार पडता पडता फोन वाजला.

"आम्ही च्याईला आहोत," आकू म्हणाला.

"च्याईला? च्याई पार खाली दक्षिणेला! तिकडे कोणतं कार्यालय?"

"कार्यालय नाही गं. गाडीत बसलो आणि... झोप लागली. दोघांनाही. चांगह्वा केव्हा गेलं कळलंच नाही."

आकीमने फोनवर हात ठेवला आणि छताकडे बघितलं. हसू आवरत असली की ती असं करते. मग जळक्या माशाच्या आवाजात म्हणाली, "मग तिथं बसून काय करताय? परतीची गाडी धरा!"

"धरतो. आधी टर्की-भात खातोय. इथला भात बरा असतो. दुसरी वाटी सांगितलीय."

"दुसरी?"

"तिसरी," मागून किमहोताईचा आवाज आला, आणि च्याईहून लुकांगपर्यंत त्याला फोनची गरज नव्हती. "आन सांग तिला, मुळ्याचं लोनचं फुकाट हाय!"